तीनदा अठरा

मानसशास्त्र शिकवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली, यवतमाळच्या एका कॉलेजात. दरवर्षी पोळ्याच्या आसपास 'विश्वसनीयता आणि सप्रमाणता' हा धडा यायचा आणि दरवर्षी मी वर्गात एक पायली घेऊन जायचे. धान्य मोजायचं जुनं माप, माझ्या सासरचं, बूड आत चेपलेलं. मुलांना सांगायचे, हिच्यानं शंभर वेळा ज्वारी मोजा, शंभर वेळा तेवढीच भरेल. म्हणजे माप विश्वसनीय. पण बूड चेपलंय, तेव्हा शंभर वेळा कमीच भरेल. म्हणजे सप्रमाण नाही. एकसारखं येणं वेगळं आणि खरं येणं वेगळं. मुलं वहीत उतरवून घ्यायची, पेपरात पाच गुणांना लिहायची आणि विसरायची. मुलांचं सोडा हो, मी तरी कुठं लक्षात ठेवलं?

मला मैनाबाईचं सांगायचं आहे. तिचं गाव घाटंजीपासून नऊ किलोमीटरवर. गावाचं नाव सांगत नाही, तो आमच्या धंद्याचा नियम आहे. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाचंही नाव सांगायचं नसतं, पण मैनाबाईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिवा नं. माहं नाव घ्याले कोनाची मनाई हाय?" म्हणून लिहिते.

तिचं माहेर पांढरकवड्याकडचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली. घरची पाच एकर, कापूस आणि तूर. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जिभेला धार अशी की कापूस वेचताना तिच्या बाजूची ओळ धरायला बायका भांडायच्या, कारण तिच्या शेजारी दिवसभर हसायला मिळायचं. मुलगा अंकुर शिकला, यवतमाळला एका सरकारी कचेरीत लागला. मुलगी विजयमाला कळंबला दिली. गावात नवरा-बायको दोघंच उरली. आणि मग एके दिवशी वावरातून येतानाच तिच्या नवऱ्याला, मारोतरावांना, लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

मी पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हा या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. मैनाबाई नवऱ्याला जेवू घालत होती. मला आणि घर दाखवायला आलेल्या शेजारणीला ती हातानंच थांबा म्हणाली. खाटेवर त्यांना टेकवून बसवलेलं, पाठीशी दोन उशा. दुधात भाकरीचा काला. एक घास द्यायचा, त्यांची हनवटी बोटानं खाली करायची, गिळला की नाही ते गळ्याकडं पाहून ठरवायचं, मगच दुसरा. घाई नाही. अर्धा तास आम्ही ओसरीत उभे. ते मधेच घशातून काही आवाज काढायचे आणि ती पाणी द्यायची, नाहीतर पाय सरळ करायची. मला सगळे आवाज सारखेच वाटले. तिला ते वेगळे ऐकू यायचे.

गोळ्यांचं तर बघण्यासारखं होतं. कोनाड्यात तीन वाट्या, सकाळ, दुपार, संध्याकाळच्या. सकाळी तिन्ही वाट्यांत गोळ्यांइतके चिंचोके टाकायचे, आणि एक गोळी दिली की एक चिंचोका काढून डब्यात. संध्याकाळी तिन्ही वाट्या रिकाम्या दिसल्या पाहिजेत. रक्त पातळ करायची गोळी मोठ्या चिंचोक्याची, साखरेची लहान चिंचोक्याची. तीन वर्षांत एकदाही चूक नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण गोळीचा रंग बदलून आला तर ती दुकानदाराला घाटंजीच्या भर बाजारात उभं करायची.

आता मी तिथं काय करत होते ते सांगते. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेचा प्रकल्प होता, खेड्यातल्या वयस्क माणसांची स्मरणशक्ती तपासायचा. तीस गुणांची चाचणी. वीसच्या खाली आला की स्मृतिदोषाची शक्यता. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, म्हटलं जाताना एक चांगलं काम करून जाऊ. मूळ चाचणी शहरी लोकांची. त्यात राष्ट्रपती कोण, आपण कितव्या मजल्यावर आहोत असले प्रश्न. मी म्हटलं, आमच्या बायांना मजला विचारता? मीच ते काढले आणि त्यांच्या जागी साधे, घरचे प्रश्न घातले. तारखेच्या जागी तिथी सांगितली तरी गुण द्यायचा, हे माझं. गावात शिरताना कोणतं देऊळ लागतं, हे माझं. आणि पाचवा प्रश्न, ज्याचा मला फार अभिमान होता: घरातल्या पाच माणसांची नावं सांगा. आई, सासरे, जोडीदार, मोठे दीर (पुरुषांना मोठा भाऊ), थोरलं मूल. एकेक गुण. संस्थेचे लोक म्हणाले, मॅडम, याला म्हणतात मातीतली चाचणी. मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरलं.

नियमही मीच लिहिले. विचारताना नातेवाईक जवळ नकोत. शेजारच्यांनी उत्तर सांगायचं नाही. दहा सेकंद थांबायचं, उत्तर आलं नाही तर शून्य.

मैनाबाई परीक्षेला बसायची म्हणून डोक्याला तेल लावून, हिरवं लुगडं नेसून आली होती. म्हणाली, जल्मातली पयली परीक्षा हाय माही, नापास नका करू बाप्पा. मी हसून म्हटलं, यात पास-नापास नसतं. किती सहज खोटं बोलतो आपण! वार बरोबर सांगितला, तिथी बरोबर. बैल, विळा, चंद्र हे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तिन्ही सांगितले. लिहिण्यावाचण्याचे आठ गुण गेले, ते जाणारच होते. मग पाचवा प्रश्न. आईचं नाव सांगितलं. सासऱ्यांचं विचारलं तर पदर सावरला. नवऱ्याचं विचारलं तर दाराकडं पाहून हसली. दिराचं विचारलं तर नुसती मान. अंकुरचं सांगितलं. मधे शेजारीण ओट्यावरून तोंड उघडणारच होती, मी हात वर करून तिला गप्प केलं. म्हटलं, मावशी, तुम्ही मधे बोलू नका, त्यांची परीक्षा आहे. शेजारीण ओशाळून बसली.

मग देऊळ. गावात शिरताना कोणतं देऊळ लागतं? मैनाबाई म्हणाली, पिपळाखालचं, शेंदूरवाल्या देवाचं. मी म्हटलं, हो, पण देव कोणता? ती म्हणाली, तोच, शेंदूरवाला. कागदावर उत्तर होतं 'मारोतीचं'. मी शेरा लिहिला: नाव आठवत नाही, वर्णन करते. आमच्या शास्त्रात हे लक्षण आहे हो, नाव हरवणं आणि वर्णन उरणं. मी ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं. एकूण अठरा.

पंधरा दिवसांनी माझी विद्यार्थिनी सुरभी गेली. तिला माझे गुण माहीत नव्हते, मुद्दाम सांगितले नव्हते. तिचेही अठरा. तेच प्रश्न चुकलेले. आणि एकट्या मैनाबाईचंच नाही, दोनशे बारा बायकांचे दोन्ही वेळचे गुण ताडून पाहिले तर जवळपास जसेच्या तसे. विश्वसनीयता शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. तेहतीस वर्षांत मी असा आकडा पाहिला नव्हता. विभागात पेढे वाटले. आणि आणखी एक 'शोध' हाती लागला होता: खेड्यातल्या वयस्क स्त्रियांत नावं विसरण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. यावर मी चर्चासत्रात बोलले. टाळ्या पडल्या. एकाही माणसानं उठून विचारलं नाही की बाई, या सगळ्या बायका नेमकं कोणाचं नाव विसरतात?

वीसच्या खाली असलेल्यांच्या घरी एक पत्र जायचं, डॉक्टरांना दाखवा म्हणून. पत्रात फक्त एकूण गुण. कुठला प्रश्न चुकला ते नाही. गोपनीयता! एकसष्ट पत्रांवर मी एका बैठकीत सह्या केल्या. त्यातलं एक अंकुरच्या हाती गेलं.

अंकुर वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. नाहीतर आपल्याकडं लगेच पोराच्या नावानं बोटं मोडतात. तो घाबरला. बापाच्या गोळ्या रक्त पातळ करायच्या, एक जास्त पडली तर जीव जाईल, आणि त्या देणारी आई विसरते असं कागद म्हणतो. त्यानं आईला यवतमाळला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आमचीच चाचणी वापरली, संस्थेनं सगळीकडं वाटली होती. नियमाप्रमाणे अंकुरला बाहेर बसवलं. अठरा. अंकुरनं मला फोन केला. म्हणाला, "मॅडम, तिघांनी वेगवेगळं तपासलं, तिघांचं सारखंच आलं. तीन माणसं कशी चुकतील?"

तेहतीस वर्षं ज्या वाक्याचं उत्तर मी पायली हातात घेऊन देत आले, ते वाक्य माझ्या कानात सरळ आलं आणि मी काय बोलले? म्हटलं, काळजी घेतलेली बरी.

दिवाळीच्या आधी त्यानं बापाला यवतमाळला आपल्या घरी नेलं, जेवू घालायला एक माणूस ठेवला. त्याची बायको नोकरी करणारी, दोन दुखणाईत एका घरात तिला झेपणार नव्हते, म्हणून आई विजयमालाकडं, कळंबला. पंचावन्न वर्षांच्या संसाराची अशी वाटणी झाली. मैनाबाई खूप भांडली म्हणे. कोनाड्यातल्या वाट्या अंकुरच्या पुढ्यात आणून मांडल्या, चिंचोके मोजून दाखवले. पण ज्याला विसरभोळं ठरवलं त्याचं बोलणं कोण ऐकतं? गाडी आली तेव्हा घास कसा द्यायचा, हनवटी कशी खाली करायची, ते ती तीन वेळा सांगत होती, आणि तीन वेळा सांगते म्हणजे विसरतेच, असा अर्थ गाडीतल्यांनी घेतला. चिंचोक्यांची पुरचुंडी तिनं सोबत द्यायला बांधली होती, ती ओट्यावरच राहिली. हे सगळं मला शेजारणीनं नंतर सांगितलं, ज्या शेजारणीला मी गप्प बसवलं होतं तिनं.

पुढच्या जूनमध्ये मी कळंबला गेले, ठरलेली फेरतपासणी होती. विजयमालाचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत. मैनाबाई अर्धी झाली होती. मला पाहून उठून बसली, आणि पहिलं वाक्य असं बोलली, "मॅडम, तुमी एक डाव अंकुरले सांगा नं, मी इसरत नाही. मले त्याइच्यापाशी नेऊन घाला. दुसरं काही नको." आठ महिन्यांत तिनं नवऱ्याला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी ते तिच्याकडं पाहून घशातून आवाज काढत होते आणि ठेवलेला माणूस म्हणत होता, बुढा उगाच ओरडते. ते पाणी मागत होते. तिनं दिलं. मग निघायची वेळ झाली.

मी ऐकून घेतलं आणि, लाज वाटते सांगायला, पिशवीतून कागद काढला. कामासाठी आले होते ना! पाचवा प्रश्न आला. नवऱ्याचं नाव? तिनं पदर सावरला. मी घड्याळाकडं पाहत होते. आणि आतून, पोळी लाटता लाटता विजयमाला म्हणाली, "मॅडम, आई बाबांचं नाव घेत नाही. आजोबाचं अन् मोठ्या बाबाचं, म्हंजे तिच्या दिराचंही नाही. मारोतीले पण ती शेंदूरवालाच म्हणते. कधीच नाही घेतलं तिनं."

मी पेन खाली ठेवलं. माझी आजी, सख्खी आजी, जन्मभर आजोबांना 'अहो, ऐकलं का' म्हणत गेली. आमच्याकडं रेशनकार्डवाला आला की आजोबांचं नाव शेजारच्या काकू सांगायच्या, तीच पद्धत होती, आणि मी सात-आठ वर्षांची असताना त्यावरून आजीला चिडवलं होतं. मला हे माहीत होतं. सगळं माहीत होतं. पण यवतमाळला टेबलाशी बसून प्रश्न काढताना आम्ही सगळ्या नवऱ्याला नावानं हाक मारणाऱ्या, आणि त्या वेळी मला ते आठवलं नाही. स्मरणशक्ती कोणाची तपासायला हवी होती, ते तुम्हीच ठरवा.

मी मैनाबाईला विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमीनं कुठं इचारलं काहून घेत नाही म्हून? मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमी बी बाईच हाय."

मी तिला शब्द दिला. म्हटलं, मी अंकुरशी बोलते, लिहून देते. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. पोळ्याच्या आत करा बाप्पा, म्हणाली, पावसाळ्यात त्याइले कफ होते. विजयमालानंही त्याच दिवशी भावाला फोन केला. तो म्हणाला, ताई, मला काय हौस आहे? पण कागदावर सही मॅडमची आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. मॅडमनी दोन ओळी लिहून दिल्या तर मी उद्या आणतो आईला. म्हणजे सगळं माझ्या दोन ओळींवर येऊन थांबलं होतं. मैनाबाईला नवऱ्याजवळ जायला मिळायचं की नाही, ते माझ्या दोन ओळी ठरवणार होत्या.

आणि त्या दोन ओळी लिहायला मला चार महिने लागले.

कारणं सांगते, पण ती कारणं आहेत असं समजू नका. यवतमाळला परत आल्यावर मी सगळे कागद काढून पुन्हा तपासले. एकसष्टांपैकी अडतीस बायका केवळ त्या नावांच्या गुणांमुळं वीसच्या खाली गेल्या होत्या. मैनाबाईचे तीन नावांचे आणि एक देवळाचा असे चार धरले तर तिचे बावीस होत होते. पण एका अंकुरला 'चाचणी चुकली' असं लिहून द्यायचं म्हणजे अडतीस घरांना लिहायला हवं, संस्थेला कळवायला हवं, आणि ज्या लेखात तो बायकांच्या विसराळूपणाचा शोध होता तो मागं घ्यायला हवा. लेख छापायला गेला होता. निवृत्तीच्या समारंभाची तारीख ठरली होती. संस्थेतले एक गृहस्थ म्हणाले, मॅडम, लेख येऊ द्या, दुरुस्तीचं नंतर बघू. मला तेच ऐकायचं होतं. विजयमालाचे तीन फोन आले. पहिल्यांदा म्हटलं पुढच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा म्हटलं पोळा होऊ द्या. तिसऱ्यांदा म्हटलं गणपती झाले की नक्की. अंकुरचं घर माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. मी त्या रस्त्यानं भाजीला जायचे.

नवरात्र संपल्यावर एका सकाळी मला राहवेना. दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, पर्समध्ये घातल्या आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशीच दिसलं. दारासमोर चपलांचा ढीग, खुर्च्यांवर गप्प बसलेली माणसं. आदल्या दिवशी दुपारी जेवताना घास अडकला होता. आधीच छातीत कफ, त्यात तो घास. दवाखान्यात पोचेपर्यंत मारोतराव गेले होते. मैनाबाईला कळंबहून आणलं तेव्हा अंग थंड झालं होतं.

अंकुरनं मला ओळखलं. उठून जवळ आला, हात जोडले. म्हणाला, "ताई म्हणत होती, तुम्ही काही लिहून देणार होता." मी पर्सवर हात ठेवला. तो माझ्या हाताकडं पाहत होता. मग म्हणाला, "राहू द्या मॅडम आता." आणि परत जाऊन खुर्चीत बसला. मी आत गेले नाही. आतून बायकांचा आवाज येत होता, त्यात तिचा कोणता ते मला ओळखता आलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण दुसऱ्याला किती झोकात म्हणतो. घरी येऊन मी दाराला कडी लावली आणि मोठ्यानं रडले.

त्यानंतर लेख मागं घेतला. संस्थेला लिहिलं. उरलेल्या सदतीस घरी स्वतः गेले. कुणी चहा दिला, कुणी दार लावलं, एकीनं माझ्याकडं पाहून नुसतंच हसून घेतलं. यात मोठेपणा काही नाही, वरातीमागून घोडं ते. पायली आता वर्गात न्यायचा प्रश्न नाही, पण ती मी टाकूनही देत नाही.

मैनाबाई मात्र त्याच्या आधीच आली होती. तेरवी होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमारास फाटक वाजलं. विजयमाला तिला घेऊन आली होती. म्हणाली, आईनं हट्टच धरला, त्या मॅडमकडं घेऊन चाल. मैनाबाईनं तेच हिरवं लुगडं नेसलं होतं. कपाळ मोकळं. खुर्चीत बसायला सांगितलं तर खाली बसली, मग मीही खाली बसले. मला वाटलं, शिव्या देईल. देऊ दे, म्हटलं. माझ्या मनाची तयारी होती.

ती म्हणाली, "तुमचा तो कागद हाय का?"

मी आणला. ती म्हणाली, इचारा. मला कळेना काय करावं. विजयमालाकडं पाहिलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मैनाबाई पुन्हा म्हणाली, इचारा नं मॅडम, पाचवा. मी विचारलं. जोडीदाराचं नाव?

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. समोरच्या भिंतीकडं पाहिलं. "मारोतराव," म्हणाली. थांबली, आणि पुन्हा एकदा सावकाश म्हणाली, "मारोतराव." लग्नात एकदा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून निघालं, तेही माझ्या कागदासाठी.

मी काही बोलायच्या आत तीच सांगू लागली. तिची आई सांगायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते. म्हणून नाही घेतलं. लकवा मारला तेव्हा तर मनातसुद्धा येऊ दिलं नाही. "आता काय कमी होते मॅडम? आता घेतलं तं चालते."

मग देवळाचं विचारा म्हणाली. विचारलं. मारोतीचं, म्हणाली. सासऱ्यांचं आणि मोठ्या दिरांचं मी विचारलंच नाही, तर तीच म्हणाली, त्या दोघाइचं नाही घेत मी, ते मोठे हाय, ते दोन गुन जाऊ द्या. आणि मग कागदाकडं बोट करून म्हणाली, किती झाले?

मी बेरीज केली. अठरा आणि दोन. बोट ठेवून पुन्हा केली. म्हटलं, वीस.

"म्हंजे पास?"

"पास," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. गाठ सैल होती, दोन चिंचोके फरशीवर घरंगळले. ते तिनं उचलून परत आत घातले, एक मोठा, एक लहान. मग माझ्याकडं पाहून, अजिबात आवाज न चढवता तिनं विचारलं, "पास झाली नं मी? मंग आता सांगा, गोळ्या कोनाले देऊ?"

मी तिच्याकडं पाहत राहिले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. दहा सेकंद थांबायचं, उत्तर आलं नाही तर शून्य लिहायचं, हा नियम माझाच होता.